आधी आर्म मोकळा आहे का बघा, टेप नंतर गुंडाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की कोल्हापुरात बसून तुम्ही जुना टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ रेकॉर्ड प्लेयर घेतलाय, त्यावर नवी ऑर्टोफोन २एम रेड कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा डबा) लावलीय, पण एलपीच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटतात, आणि रेकॉर्ड जरा वाकडी असली की वूफर आतबाहेर थरथरतो. आता टोनआर्मला (सुई धरणाऱ्या दांड्याला) हीटश्रिंक, म्हणजे गरम केलं की आवळणारी प्लास्टिकची नळी, चढवू का, हेडशेलवर (कार्ट्रिज बसते त्या पुढच्या टोकावर) वजन चिकटवू का, आतल्या तारा बदलू का, हे तुम्हाला विचारायचंय. मी गेली अठ्ठावीस वर्षं रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करतोय आणि त्यातली निम्मी वर्षं टोनआर्मच्याच मागे गेलीत, त्यामुळे जरा लांबड लागेल पण नीट सांगतो.

तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टींपैकी एकही आत्ता करू नका. आर्मचं काम म्हणजे कार्ट्रिजला घट्ट धरून ठेवायचं आणि त्याच वेळी सुईला ग्रूव्हबरोबर (रेकॉर्डवरच्या खाचेबरोबर) अजिबात अडथळा न करता आत सरकू द्यायचं. घरगुती उपायांनी खरा फरक पडतो तो बहुतेक वेळा या दोनपैकी काहीतरी बिघडलेलं असतं आणि ते परत जागेवर येतं म्हणून. बिघाड तसाच ठेवून वर टेप गुंडाळली तर आवाज बदलतो हे खरं, पण सुधारत नाही, आणि चार दिवस आपल्याला वाटत राहतं की सुधारला.

एमके२ हे मॉडेल १९७९ चं आणि भारतात जे आलेत त्यातले कितीतरी डीजे लोकांच्या हातून आलेत. तुमचा कुठून आला माहीत नाही, पण डीजेचा असेल तर आर्मने खूप सोसलेलं असतं, कारण सुई उडू नये म्हणून काउंटरवेट (आर्मच्या मागचं वजन) उलटं लावून जास्त वजन द्यायची त्यांची पद्धत, शिवाय आर्मला दिवसभर धक्के. म्हणून पहिलं काम बेअरिंग. प्लेयर बंद करा, सुईला गार्ड लावा, आर्म रेस्टवरून सोडवा आणि बेअरिंगच्या अगदी जवळ नळी दोन बोटांत हलकेच धरून पुढेमागे, मग डावीउजवीकडे अगदी किंचित हलवून बघा. टक असं बोटांना जाणवलं, कानाला नाही, बोटांना, तर बेअरिंगमध्ये खेळ आहे. हा खेळ असला तर बाकी सगळं व्यर्थ आहे, कारण सुई जे वाचते ते केसाच्याही कितीतरी बारीक असतं आणि तिला धरणारा माणूसच डुलतोय अशी अवस्था होते.

उलटा दोष म्हणजे बेअरिंग आवळलेलं असणं, आणि तो मला जास्त वेळा सापडतो, कारण कोणीतरी खेळ काढायला म्हणून स्क्रू पिळलेला असतो. हे तपासायला घरी एक फार सुंदर युक्ती आहे. टेक्निक्सने या आर्मचं घर्षण ७ मिलिग्रॅमच्या आत सांगितलंय. आता झेरॉक्सचा साधा ७५ जीएसएमचा कागद घ्या, त्यातून बरोबर १ सेंटिमीटर बाय १ सेंटिमीटरचा तुकडा कापा, त्याचं वजन साडेसात मिलिग्रॅम होतं, साधा गुणाकार आहे. अँटीस्केटिंग (आर्मला किंचित बाहेर ओढणारी तजवीज) शून्यावर, स्पिरिट लेव्हल लावून प्लेयर सपाट, काउंटरवेटने आर्म हवेत आडवा तरंगेल असा बॅलन्स, पंखा बंद, खिडकी बंद, आणि मग चिमट्याने तो तुकडा सुईच्या बरोबर वर हेडशेलवर ठेवा. आर्म हळूच खाली झुकायला लागला पाहिजे. थोडं झुकून थांबला तरी चालेल, पण हललाच नाही आणि तीन-चार तुकडे ठेवावे लागले तर कुठेतरी अडतंय. आडव्या दिशेला कागद चालत नाही, तिथे लांबून हलकी फुंकर मारा, आर्म सरकत जाऊन आपोआप मंद होत थांबला पाहिजे, मध्येच खिळल्यासारखा थांबला किंवा दर वेळी एकाच जागी परत यायला लागला तर तिथे अडथळा आहे. परत येतोय म्हणजे बरेचदा आतल्या तारा ताठ असतात.

खेळ असेल तर गिम्बलच्या (आर्म ज्यात झुलतो त्या कड्याच्या) बाजूला जे बारीक स्क्रू आहेत त्यांचा लॉक नट सैल करून स्क्रू अगदी थोडा आवळायचा, थोडा म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात जेवढा सरकतो तेवढाच, मग स्क्रू धरून ठेवून नट बसवायचा आणि परत कागद ठेवून बघायचं. नट बसवताना स्क्रूही सोबत फिरतो हे लक्षात ठेवा, त्यामुळे दोन-तीन वेळा करावं लागतं. माझ्याकडे एकदा असाच एमके२ आला होता, कुठल्यातरी दुरुस्तीवाल्याने स्क्रू इतका आवळला होता की बेअरिंगच्या खोबणीत गोळ्यांचे वळ उठले होते, तो आर्म परत कधीच मोकळा झाला नाही, पूर्ण आर्म बदलावा लागला. त्यामुळे हात थरथरत असेल त्या दिवशी हे काम करू नका, दुसऱ्या दिवशी करा.

आता तुमच्या 'स' 'श' कडे येतो. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेऱ्या फिरते, बाहेरच्या कडेला सुईखालून ग्रूव्ह सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर जातो आणि आत, केंद्रापासून ६ सेंटिमीटरवर, तोच वेग २१ सेंटिमीटर होतो, म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. त्यामुळे आतल्या गाण्यात कार्ट्रिजचा कोन थोडा जरी चुकला तरी तो आधी 'स'कारात ऐकू येतो. आपल्याकडे हा त्रास जास्त जाणवतो कारण ख्यालाची एलपी, समजा किशोरीताईंची, शेवटाकडे जाताना द्रुतात जाते, ताना तिथेच असतात, म्हणजे सगळ्यात अवघड गाणं नेमकं सगळ्यात अवघड जागी.

टेक्निक्सबरोबर एक पांढरा प्लास्टिकचा गेज यायचा, सुईच्या टोकापासून हेडशेलच्या मागच्या कडेपर्यंत ५२ मिमी. जुन्या मशीनबरोबर तो बहुतेक हरवलेलाच असतो, पण स्टीलच्या फूटपट्टीनेही मोजता येतं. तसं लावलं की आर्मची लांबी २३० मिमी, ओव्हरहँग (सुई रेकॉर्डच्या केंद्राच्या जेवढी पुढे जाते ते अंतर) १५ मिमी, आणि कोन २२ अंशाचा, यावरून हिशोब केला तर सुई ग्रूव्हला अगदी बरोबर स्पर्शरेषेत येते त्या दोन जागा केंद्रापासून ५८.८ आणि ११३.५ मिमीवर पडतात. नेटवर ज्याचं फार कौतुक असतं त्या बेअरवाल्ड मांडणीच्या जागा ६६ आणि १२०.९ मिमी. बेअरवाल्ड लावायचं तर याच आर्मवर कार्ट्रिज हेडशेलमध्ये जवळपास ३ मिमी पुढे सरकवून दीड-दोन अंश आत वळवावं लागतं, आणि ते दिसायला जरा तिरकं दिसतं, घाबरू नका, तसंच असतं. कोणतं चांगलं यावर लोक भांडतात. मी दोन्ही लावून वर्षानुवर्षं ऐकलंय, माझं मत असं की ज्याच्याकडे आपल्या शास्त्रीय संगीताच्या लांब बाजूंच्या एलपी जास्त त्याने कंपनीचाच ५२ मिमी ठेवावा, कारण त्याची आतली जागा शेवटाच्या जवळ पडते, आणि ज्याच्याकडे वीस मिनिटांच्या आत संपणाऱ्या सिनेमाच्या आणि इंग्रजी रेकॉर्डी जास्त त्याने बेअरवाल्ड करावं. प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा छापील कागद) घरी छापणार असाल तर प्रिंटरमध्ये शंभर टक्के साइज ठेवा आणि छापल्यावर मोजून घ्या, प्रिंटर गुपचूप छोटं करून छापतात आणि माणूस तासभर चुकीच्या कागदावर मेहनत करतो.

इथेच एक घरगुती उपाय सापळा होतो तो सांगून ठेवतो. हेडशेल आर्मला जिथे बसतं तिथे एक बारीक रबरी वॉशर असतो. लोक सांगतात की त्याजागी जाड ओ-रिंग घाला म्हणजे कंपन कमी होतं. पण १ मिमी जाड रिंग घातली की हेडशेल १ मिमी पुढे गेलं, तुमचा ओव्हरहँग गेला, आणि वर सांध्यात रबर आल्यामुळे पकड ढिली झाली. जुना वॉशर कडक झाला असेल तर तेवढ्याच जाडीचा नवा घाला, बास. हेडशेल तिरकं बसत असेल, म्हणजे समोरून बघितल्यावर एका कुशीवर, तर सुईखाली छोटा आरसा ठेवून प्रतिबिंब सरळ दिसतंय का बघा आणि कार्ट्रिज आणि हेडशेल यांच्यामध्ये एका बाजूला कोल्ड्रिंकच्या कॅनचा पातळ तुकडा घालून सरळ करा, हा उपाय मला मनापासून आवडतो, फुकट आहे आणि काढून टाकता येतो.

आर्मच्या उंचीवर मात्र लोक उगाच रात्री जागवतात. २३० मिमीच्या आर्ममध्ये मागची बाजू ४ मिमी वर केली तेव्हा कुठे कोन १ अंशाने बदलतो. रेकॉर्ड वाजताना आर्म बाजूने बघून आडवा सरळ दिसला की सोडून द्या, मॅट बदललीत तर परत बघा.

सुई रेकॉर्डवर जेवढी टेकते त्या वजनासाठी सोनाराच्या कामाचा छोटा डिजिटल काटा घ्या, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, तीन-चारशे रुपयांत मिळतो. २एम रेडला १.८ ग्रॅम. काट्याची थाळी रेकॉर्डच्या उंचीला असावी, उंच असली तर आकडा थोडा चुकतो. अँटीस्केटिंग आधी १.५ वर ठेवून बघा आणि मोठ्या आवाजाच्या जागी कुठला चॅनेल आधी फाटतो ते हेडफोनवर ऐका, उजवा आधी फाटला तर थोडं वाढवा, डावा फाटला तर कमी करा. गुळगुळीत सपाट तबकडीवर सुई सोडून आर्म स्थिर राहतो का बघायची पद्धत माझ्या मते बरोबर नाही, ग्रूव्ह नसला की सुईवरची ओढ वेगळी असते.

आणि हो, सुई. २एम रेडला कंपनी साधारण १,००० तास सांगते. तुमची नवी आहे म्हणालात म्हणून पुढे जातो, पण रेकॉर्ड सेकंडहँड असतील आणि आधीच्या मालकाने हेडशेलवर नाणं चिकटवून वाजवल्या असतील, आपल्याकडे ही सवय घराघरात होती, तर शेवटच्या गाण्यातली फाट ग्रूव्हमध्येच कोरली गेलेली असते, ती कुठल्याच आर्मने जात नाही. एक तरी नवी कोरी रेकॉर्ड लावून खात्री करा.

आता वूफरची थरथर, ही गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते कारण इथे तुमच्या वजन चिकटवण्याच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत मिळतं. आर्म आणि कार्ट्रिज मिळून स्प्रिंगवर टांगलेल्या वजनासारखं वागतात, स्प्रिंग म्हणजे सुईच्या दांडीला धरणारं लवचिक रबर. त्याची स्वतःची एक लय असते, ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवी, कारण त्याखाली रेकॉर्डच्या वाकडेपणाचे झोके असतात आणि त्यावर संगीत सुरू होतं. हिशोब असा की एकूण वजन ग्रॅममध्ये, गुणिले कार्ट्रिजचा कॉम्प्लायन्सचा (सुई किती सहज लवते त्याचा) आकडा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १५९ला त्याने भागायचं. तुमच्या आर्मचं परिणामी वजन (हलताना सुईला जाणवणारं) हेडशेल धरून १२ ग्रॅम, कार्ट्रिज ७.२, स्क्रू धरून झाले २०. २एम रेडचा कॉम्प्लायन्स २०. वीस गुणिले वीस चारशे, वर्गमूळ वीस, म्हणजे लय ७.९५ हर्ट्झ. तुम्ही आधीच काठावर आहात. हेडशेलवर ५ ग्रॅम चिकटवले तर ती ७.१ वर येते आणि वाकड्या रेकॉर्डवर वूफर आत्ता थरथरतोय तो नाचायला लागेल. लाकडी जड हेडशेल घेतलं तरी तेच. तुमच्या बाबतीत वजन कमी करायचंय, मूळ हेडशेल साडेसात ग्रॅमचं आहे ते हलकंच आहे, स्टीलचे स्क्रू काढून अॅल्युमिनियमचे लावा, अर्धा ग्रॅम वाचतो.

डेनॉन डीएल-१०३ कार्ट्रिज असती तर मी उलट सांगितलं असतं. तिची दांडी ताठ, कंपनी १०० हर्ट्झवर ५ आकडा देते, तो १० हर्ट्झला अंदाजे ९ धरतात, वजन साडेआठ ग्रॅम, तिची लय तुमच्याच आर्मवर साडेअकराच्या आसपास येते आणि तिला कार्ट्रिजच्या वर तीन-चार ग्रॅमची पितळी पट्टी घातली की बास भरीव होतो. म्हणून कोणी म्हणालं की वजन लावलं आणि जादू झाली तर आधी विचारा कार्ट्रिज कुठली.

नळीवर काही गुंडाळायचं तर हेही लक्षात ठेवा की वजन कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं, हेडशेलवरचा १ ग्रॅम पूर्ण १ ग्रॅम मोजायचा, नळीच्या मध्यावरचा पाव, कारण अंतराचा वर्ग लागतो. टेक्निक्सची अॅल्युमिनियमची नळी वाजते हे खरंय, नखाने टिचकी मारली की स्पीकरमध्ये ऐकू येतं, आणि त्यावर प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप अर्धीअर्धी चढवत बेअरिंगच्या बाजूकडून निम्म्या नळीपर्यंत गुंडाळली तर ती टिचकी बोथट होते, वजन नगण्य वाढतं आणि नको वाटलं तर दोन मिनिटांत निघते. एवढं करा, पण वर सांगितलेलं सगळं झाल्यावर. हीटश्रिंक मी करू देणार नाही. ते आवळायला गरम हवा लागते, आत तारांचं इन्सुलेशन आहे, टोकाला प्लास्टिक आहे, आणि एकदा बसलं की कापूनच काढावं लागतं, ब्लेड नळीवर ओरखडे पाडतं. नळीत कापूस भरायचा सल्लाही दिसेल, तो तर अजिबात नको, काढताना तारा तुटतात.

थरथरीवर तुमच्या केसमध्ये खरा उपाय म्हणजे सिलिकॉन तेलाचं छोटं कुंड. एसएमई कंपनीच्या आर्मना असं कुंड मिळायचं, घरी बनवायला सोपं आहे. शाम्पूच्या बाटलीचं उथळ झाकण आर्मच्या बेसजवळ दुहेरी चिकटपट्टीने बसवा, आर्म पूर्ण आत गेला तरी कुठे घासणार नाही हे आधी बघून. दीड मिलिमीटरची पितळी तार वाकवून तिचा एक आकडा नळीवर बेअरिंगच्या जवळ अडकवा, दुसरं टोक खाली झाकणात यावं. झाकणात घट्ट सिलिकॉन तेल, रिमोटच्या गाड्यांच्या डिफरन्शियलसाठी मिळतं ते, मधापेक्षा घट्ट हवं. खोबरेल किंवा मशीनचं तेल नको, ते पातळ आहे आणि धूळ खाऊन चिकट होतं. तार आधी फक्त २-३ मिमी बुडवा, वाकडी रेकॉर्ड लावून वूफरकडे बघा, मग एकेक मिलिमीटर वाढवा. थरथर थांबली की तिथेच थांबा, जास्त बुडवली तर आवाज सुस्त होतो, तंबोऱ्याची जव्हारी मिटल्यासारखी वाटते. तार लावल्यावर बॅलन्स आणि १.८ ग्रॅम परत करायला विसरू नका.

काउंटरवेटवर शिसं गुंडाळायचा उपायही चांगला आहे, तत्त्व असं की वजन जड केलं की ते बेअरिंगच्या जवळ आणता येतं आणि मागच्या बाजूचं जडत्व कमी होतं. पण शिसं गुंडाळलं की वजनाच्या चकतीवरचे आकडे खोटे होतात, काट्याशिवाय करू नका, आणि शिशाला हात लावल्यावर हात धुवा.

तारांचं शेवटी. एमके२च्या आतल्या तारा बारीक आणि मऊ आहेत, त्या मऊ आहेत म्हणूनच बेअरिंग मोकळं राहतं, नव्या महागड्या तारा घालून आर्म ताठ झालेला मी बरेचदा बघितलाय. त्याऐवजी हेडशेलच्या मागचे चार पिन आणि आर्मच्या आतल्या चार टिकल्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, काळे असतील तर पेन्सिलच्या रबराने हलकेच घासा. तुमच्याकडे पाऊस चार महिने, तांब्यावर हिरवा थर चढतो, आणि एक चॅनेल दबलेला वाटतो त्याचं कारण दहापैकी सात वेळा मला इथेच सापडलंय. हेडशेलच्या क्लिप सैल असतील तर पक्कडीने नाही, दातकोरणीवर बसवून चिमट्याने हळू दाबा. पांढरी डावी धन, निळी डावी ऋण, लाल उजवी धन, हिरवी उजवी ऋण. कार्ट्रिजच्या पिनला थेट सोल्डर कधीच करू नका, आत गुंडाळी जळते.

एका जुन्या लेन्को प्लेयरची गोष्ट सांगतो कारण तिच्यामुळेच मी या क्रमावर ठाम आहे. लेन्को एल७५ चा आर्म सुरीच्या धारेसारख्या बेअरिंगवर टेकतो, आणि ती धार ज्या दोन व्ही आकाराच्या रबरी ठोकळ्यांत बसते ते ठोकळे वर्षांनी मऊ होऊन चुरा होतात. ठाण्याच्या एका गृहस्थांनी त्यांच्या एल७५ वर कार्ट्रिज बदलली, तारा बदलल्या, नळीवर काय काय लावलं, आवाज जाडाभरडाच. मी ते ठोकळे काढले तर बोटात कुस्करले. कडक नायलॉनच्या तुकड्यातून कानशीने घासून दोन नवे केले, दुपारभराचं काम, खर्च काहीच नाही. मग त्यांनी कुमारजींची एक जुनी रेकॉर्ड लावली, आणि ते उठून स्पीकरजवळ जाऊन बसले. त्यानंतर नळीवरचं सगळं त्यांनी स्वतःच काढून टाकलं.

तर तुम्ही आज रात्री पंखा बंद करून तेवढा कागदाचा तुकडा ठेवून बघा आणि किती तुकड्यांवर आर्म हलला ते कळवा, शिवाय ५२ मिमीच्या जागी सध्या किती भरतंय तेही मोजून सांगा. एका तुकड्यावर हलला तर आपण सरळ कुंडाकडे वळू.